हजार डॉलर वाचवायचे की नाही

रविवार, रात्री उशिरा. मिसिसागा.

मार्च ब्रेकचं, म्हणजे पोरांच्या मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीचं, बुकिंग आजही झालं नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाला जायचं एवढं ठरलंय, आई कराडहून आलीये आणि आल्यापासून नुसता बर्फ बघतीये बिचारी, तिला एकदा गरम वाळूत बसवायचंय, पोरांना पूल पाहिजे, नवऱ्याला झोप पाहिजे. अडलंय ते विमानावर. एकीकडे हॉलिडे कंपनीचं पॅकेज, विमान, हॉटेल, एअरपोर्टवरून हॉटेलला नेणारी बस सगळं एकत्र. दुसरीकडे तेच हॉटेल पण जायचं एअर कॅनडाने. दोन्ही डायरेक्ट, साडेचार तासांच्या आसपास. पाच जणांचा मिळून फरक हजारेक डॉलर, पॅकेज स्वस्त. एवढ्यात आईचं परतीचं तिकीट निघेल, म्हणून तर बटण दाबवत नाहीये.

नवऱ्याने तिसरा पर्याय पण काढला होता, अमेरिकन कंपनीने मायामीवरून, सगळ्यात स्वस्त. तो मी लगेच बाद केला. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, आणि आईकडे तो नाही. डॉमिनिकन रिपब्लिकला मात्र कॅनडाचा व्हिसा चालतो. म्हणजे जिथे जायचंय तिथे अडचण नाही, वाटेत अडचण. स्वस्त तिकिटाच्या खाली हे कुणी लिहीत नाही.

आई म्हणाली, "अगं, चार तासांचाच तर प्रवास, कसलंही विमान चालेल मला, एसटीने गेलेय मी आयुष्यभर." तिचं बरोबर आहे. जागा दोन बोटं कमी, खाणं विकत, गुडघे पुढच्या सीटला, हे सगळं चार तास सहन होतं. दशम्या तर आपण तसंही नेणारच.

गंमत म्हणजे चार्टर, म्हणजे सहलीसाठी अख्खं भाड्याने घेतलेलं विमान, कळकटच असं कॅनडात पहिल्यापासून नव्हतं. वॉर्डएअर नावाची कंपनी होती, मूळची चार्टरवाली, ती लोकांना रॉयल डॉल्टनच्या चिनी मातीच्या प्लेटमध्ये स्टेक वाढायची! आणि त्या काळी चार्टरने जायचं तर तुम्ही आधीपासून कुठल्या तरी क्लबचे किंवा मंडळाचे मेंबर असावं लागायचं, असा नियमच होता, त्यामुळे लोक कुठल्याही मंडळाचे मेंबर व्हायचे. 1989 मध्ये ती कंपनी विकली गेली. आता खरं चार्टर तसं कमीच राहिलंय, टूर कंपनीचीच एअरलाइन असते किंवा एअरलाइनचीच टूर कंपनी.

नवऱ्याने जेवताना सेफ्टीचा विषय काढला, 24 ऑगस्ट 2001 ची ती गोष्ट. टोरंटोहून लिस्बनला निघालेलं एअर ट्रान्झॅटचं ए330, बदललेल्या इंजिनात एक पाइप नीट न जुळणारा बसवलेला, तो घासून इंधनाची लाइन फुटली, अटलांटिकवर दोन्ही इंजिनं बंद. पायलटने ते वीसेक मिनिटं नुसतं तरंगत नेऊन अझोरेसच्या बेटावर उतरवलं. 306 माणसं, सगळी वाचली. पोरगा घास हातात धरून ऐकत बसला. पण मला ह्यातून निवडायला काही मदत होत नाही. मोठी असो की हॉलिडेवाली, तपासणारी ट्रान्सपोर्ट कॅनडाच. आणि तो पायलट तरी हॉलिडेवाल्यांचाच होता ना.

माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय. आपलं विमान रद्द झालं तर पुढचं कधी?

डिसेंबर 2022 मध्ये हेच झालं होतं. सनविंग ह्या हॉलिडेवाल्या एअरलाइनचे शेकडो लोक ख्रिसमसच्या दिवसांत मेक्सिकोत अडकले, कुणाला एका हॉटेलमधून दुसऱ्यात हलवत होते, कुणी लॉबीत. बर्फाचं वादळ होतंच, पण ते गेल्यावरही विमानं सावरली नाहीत. ह्या कंपन्यांचं गणितच असं की हिवाळ्यात भरमसाट काम आणि उन्हाळ्यात शुकशुकाट, मग ऊसतोडीला टोळ्या आणाव्यात तशी युरोपातून विमानं, पायलट हंगामापुरते आणायचे. त्या वर्षी परदेशी पायलटांना परवानगी मिळाली नाही आणि वेळापत्रक आधीच विकलेलं. एका ठिकाणाहून आठवड्याला एक-दोन विमानं, सगळी भरलेली, एक रद्द झालं की अडकलेली माणसं बसवणार कुठे. पुढे सस्कॅचवान प्रांतातून निघणारी फ्लाइटच त्यांनी फेब्रुवारीपर्यंत बंद केली. आता ती एअरलाइन वेस्टजेटमध्ये विलीन झालीये, पण गणित तेच.

विमान लांबलं किंवा रद्द झालं तर भरपाईचा कायदा आहे म्हणा. वर्षाला 20 लाख प्रवासी नेणारी कंपनी मोठी धरतात, म्हणजे मोठ्या हॉलिडे कंपन्याही त्यात येतात. 3 तास उशीर झाला की 400 डॉलर, 6 तासांवर 700, 9 वर 1000, अर्थात चूक त्यांची असली आणि सेफ्टीचं कारण नसलं तरच, आणि सेफ्टीचं कारण नेमकं वेळेवर सापडतं. कारण कंपनीच्या हातातलं असेल आणि 9 तासांत स्वतःच्या किंवा पार्टनरच्या विमानात बसवता आलं नाही तर दुसऱ्या कुणाच्याही विमानाचं तिकीट द्यायचं. वाचायला फार छान. पण मार्च ब्रेकला दुसऱ्याच्या विमानात पाच सीट रिकाम्या असतील का? एअर कॅनडाची त्या मानाने जास्त विमानं, मॉन्ट्रियलवरून काढता येतं. हजार डॉलर जातील ते त्याच्यासाठी, सीटसाठी नाही.

तरी मोठ्यांवर आंधळा विश्वास नको. ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या फ्लाइट अटेंडंटचा संप झाला तेव्हा 16 तारखेपासून जवळजवळ सगळंच ठप्प, पुढचं विमान नाही आणि त्याच्या पुढचंही नाही. उलट स्वस्तवाले कधी कधी एका रात्रीत गायब होतात. जेट्सगो 11 मार्च 2005 ला बंद पडली, बरोब्बर मार्च ब्रेकच्या तोंडावर, पोरं सूटकेस घेऊन एअरपोर्टवर! म्हणून काहीही घेतलं तरी टिको, म्हणजे ऑन्टारियोत ट्रॅव्हल एजंटांवर नजर ठेवणारी संस्था, तिच्याकडे नोंद असलेल्या एजंटकडूनच घेणार, कंपनी बुडाली तर माणशी 5000 डॉलरपर्यंत क्लेम करता येतो. नवरा म्हणतो वेबसाइटवर 40 डॉलर स्वस्त पडतं. पडू दे.

आम्ही दोघंच असतो तर मी स्वस्तवालं केव्हाच बुक केलं असतं, अडकलो तर अडकलो, समुद्र आहेच. पण आईच्या शुगरच्या गोळ्या आहेत, तिच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये कॅनडाबाहेरचे दिवस धरतात का ते अजून विचारायचंय, आणि हॉटेलच्या लॉबीत तिला रात्रभर खुर्चीवर बसलेलं मला बघवणार नाही.

उद्या लंच टाइमला एजंटला फोन. फरक बाराशेच्या आत असेल तर एअर कॅनडा. त्याच्या वर गेला तर हॉलिडेवालं, पण मग परतीचं विमान शुक्रवारचं घ्यायचं, रविवारचं नाही, म्हणजे शाळा-ऑफिसच्या आधी दोन दिवस हातात राहतील, आणि गोळ्या आठवडाभर जास्तीच्या, हँडबॅगेत.