टाकाला कडी होती

आमच्या देवघरातल्या बाईच्या टाकाला (चांदीवर उठवलेल्या प्रतिमेला) वरच्या बाजूला पूर्वी कडी होती. म्हणजे तो पूजेसाठी घडवलेलाच नाही, कुणाच्या तरी गळ्यात होता! दोन जुन्या कागदांत खापरपणजोबांच्या बायकोची दोन वेगळी नावं आहेत, बाई एकच की बाया दोन, हा 'वहीतली' आणि 'खतातली' यांचा गुंता. तो पहिल्यापासून वाचणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. तरी दोन्ही कागद परत समोर मांडते, कारण मला ते आता वेगळे दिसायला लागलेत. (घरच्यांनी नावं बाहेर नकोत म्हटलंय, म्हणून ही कामचलाऊ नावंच पुढे चालवते.)

वहीतली म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या आमच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावर येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वहीतली. खापरपणजोबा माघ शके 1824 मध्ये तिथे गेले. इसवी सन काढायला, माघ असल्याने 78 नव्हे, 79 मिळवायचे, म्हणजे 1903 ची सुरुवात. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 सालीच सुरू झाली होती, त्यामुळे करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला नाशिक गाठणं तेव्हा फार अवघड नव्हतं. त्या नोंदीत त्यांच्या बायकोचं नाव आहे, पण पान नेमकं तिथेच भिजलेलं. नाव पिंडाच्या यादीतलं की हयात माणसांच्या यादीतलं, ते ठरत नव्हतं. खतातली भेटली फसली (महसुली साल) 1321 च्या, म्हणजे 1911-12 च्या मोडी गहाणखतात: गं. भा. (म्हणजे विधवा) अमुक कोम (बायको) खापरपणजोबा, मुलगा अज्ञान (वयात न आलेला), त्याची अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ती) आई, खाली निशाणी बांगडी. बांगडी बघून ती सवाष्ण असणार असा तर्क काहींनी केला होता. तो धरता येत नाही. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर, तशी बाईची बांगडी, मग ती विधवा का असेना.

दोन्ही कागदांत नावं वेगळी. मग बाई एकच, एकीकडे माहेरचं नाव आणि दुसरीकडे सासरचं? की बाया दोन? इथेच आपण अडकलो होतो.

यंदा नवरात्राआधी देव उजळायला काढले तेव्हा तो टाक हाताला जड लागला. जोतिबा, तुळजाभवानी, खंडोबा यांचे टाक म्हणजे ठशावर उठवलेला चांदीचा एकेरी पत्रा, मागून पोकळ. हा मागून बंद आहे. कोल्हापूरच्या सराफकट्ट्यात, गुजरीतल्या एका जुन्या कारागिरांकडे घेऊन गेले. त्यांनी भिंगातून बघितलं, नखानं कड चाचपली आणि म्हणाले, "ताई, ह्यात लाख भरल्या. देवाच्या टाकात कोण लाख भरतंय? हे अंगावर घालायचं काम. ह्या बघा कडी झाळल्याच्या दोन खुणा." कडा झिजल्यात त्याही दोन्ही बाजूंनी, कापडावर घासून झिजाव्यात तशा. त्यांनी पैसे घेतले नाहीत. असा माणूस गावात आहे तोवर चांदीची जुनी वस्तू मोडीत घालण्याआधी त्याला दाखवाच.

हा सवतीचा टाक आहे. पहिली बायको वारल्यावर दुसरेपणावर आलेली बाई तिची प्रतिमा गळ्यात घालायची, सणावाराला तिला आधी नैवेद्य दाखवायची. घालणारी गेली की टाक देवघरात यायचा. म्हणजे बाया दोन. टाकातली ती वहीतली, आणि तिला गळ्यात वागवणारी ती खतातली. आमच्याकडे भाद्रपदात अविधवा नवमीला पान का वाढतात, याचाही उलगडा झाला. ही नवमी नवरा असताना गेलेल्या बाईची. बऱ्याच घरांत नवरा वारला की ती बंद होते, आमच्यात अजून चालू आहे. खतातली विधवा होती, तेव्हा हे पान तिचं असूच शकत नाही. गुजरीतून भवानी मंडपापर्यंत चालत आले तेव्हा डोळे भरून आले होते. एका बाईनं दुसरीला जन्मभर गळ्यात वागवलं, आणि आम्ही चार पिढ्या तिला देवी समजून हळदकुंकू वाहत आलो.

आता खरी अडचण. पणजोबा कुणाच्या पोटचे?

ते प्लेगात जन्मले, गाव सोडून माणसं माळावर झोपड्यांत राहात होती तेव्हा, असं घरात सांगतात. मुंबईत प्लेग 1896 ला आला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे पसरला. 1911-12 ला पणजोबा अज्ञान होते, तेही जुळतं. पण वहीतली नेमकी कधी गेली आणि दुसरी कधी आली, हे कळत नाही, त्यामुळे दोघीही आई ठरू शकतात. खतातल्या 'आई'वर विसंबता येत नाही, खत लिहिणारा 'सावत्र' कशाला लिहील? श्राद्धात मात्र फरक करतात: माता वेगळी, सापत्नमाता वेगळी. पणजोबा स्वतः तीर्थावर गेले असते तर एका ओळीत निकाल लागला असता. त्यांची नोंद त्र्यंबकला नाही. हरिद्वार वगैरे ठिकाणच्या पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत, पण आमची माणसं तेवढ्या लांब गेल्याची आठवणसुद्धा कुणाला नाही.

गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवर माझी फार आशा होती. एका कार्यालयात 'त्या काळचं काही नाही' असं कपाट न उघडताच सांगितलं. दुसरीकडे एका सज्जन कर्मचाऱ्यानं शोधून पानं काढून दिली, आणि त्यांत बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच. आईचा रकानाच नाही! बाळंत झाली ती बाई त्या पानावर कुठेच नाही, आणि हे मला अजून पचलेलं नाही.

डीएनए करून बघ, असं सुचवणाऱ्यांना: आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए पणजोबांपर्यंत आला आणि तिथेच थांबला, कारण पुरुष तो पुढे देत नाही. तो खर्च इथे वाया जाईल. ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी दोघींना वेगळ्या व्यक्ती करून पणजोबांना दोघींशी 'अनिश्चित' असं जोडून ठेवलंय. फुकट असून असली गुंतागुंत ते नीट सांभाळतं. मोडी वाचून घ्यायची असेल तर आता घाई नको. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात सगळे जाणकार गुंतलेत आणि पानामागे दरही वाढलेत. पुराभिलेख विभागाचे मोडी वर्ग निघतात, ते करा. आणि कागदाचे फोटो स्कॅनिंग अ‍ॅपच्या काळ्या-पांढऱ्या फिल्टरमधून काढू नका, फिकी शाई पार उडते. दिवा कडेला तिरपा धरा आणि साधा रंगीत फोटो काढा.

पुढचा बेत कोल्हापूरच्या पुरालेखागारात बसायचा होता, संस्थानी दफ्तरात आमच्या गावाचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मागवून. पण हे लिहीत असतानाच डोक्यात आलं की आईचं नाव कागदावर नसलं तरी मामाचं असतं. लग्नात मामाचा मान कुणी चुकवत नाही. पणजोबांचं लग्न झालं तेव्हा आहेराची वही घातली असणारच. मी लिहिणं थांबवून गावाकडे काकीला फोन लावला.

"ती लाल फडक्यातली वही व्हय? माळ्यावर हाय की. बघतो मी, तू आधी जेव."

तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले. थोडे हललेले, पण मोडी वाचता येते. वरच्याच ओळीत मामा, मंदिल, लुगडं आणि गाव निगवे. बरंच खाली, नातं न लिहिता, वडणग्याचं एक नाव, एक खण आणि रोख रुपया. आणि आमच्या गहाणखतावरचा पहिला साक्षीदार वडणग्याचाच आहे! विधवेच्या खतावर माहेरचा माणूस साक्षीला बसणं साहजिक. वडणगे खतातलीचं माहेर असेल, तर निगव्याचा मामा वहीतलीचा भाऊ, आणि पणजोबा तिचेच. टाकातली बाई आमची खापरपणजी! मी हे सध्या पेन्सिलीनंच लिहितेय, साक्षीदाराचं नातं खतात दिलेलं नाही म्हणून. पण इतक्या जवळ आपण कधी आलो नव्हतो.

गाठ मात्र लगेच दुसरी पडली. करवीर तालुक्यात निगवे दोन: जोतिबाच्या बाजूला निगवे दुमाला, दक्षिणेला निगवे खालसा. वहीत नुसतं 'निगवे'. खालसा असेल तर दोन्ही माहेरं तालुक्याच्या दोन टोकांना आणि वरचा तर्क घट्ट होतो. दुमाला असेल तर ते वडणग्याला लागून आहे, आणि मग दुसरी बायको पहिलीच्याच भावकीतली, कदाचित चुलत बहीण, असं निघू शकतं. तसं झालं तर निगव्याचा मामा दोघींचाही भाऊ ठरतो आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर.

त्यामुळे पुरालेखागाराचा बेत उलटा फिरवते. आमच्या गावाचे रुमाल नंतर, आधी निगवे दुमाल्याचे इनामाचे कागद, त्यात मामाचं आडनाव दिसतं का ते बघायला. सुगी उरकली की हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे, येतील. त्यांना या वेळी वंशावळ पुरुषांच्या नावांवर थांबवू देणार नाही. खापरपणजोबांच्या दोन्ही सोयरिकी कुठल्या, एवढंच विचारणार. निगव्याच्या बाजूला सोयरीक असलेल्या कुणाकडे 1920 च्या आगेमागे लग्नाच्या आहेर वह्या असतील, तर त्यात गावाचं नाव पूर्ण लिहिलंय का, दुमाला की खालसा, तेवढं बघून सांगा.