देवघरातला मासा

सोमवारी दुपारी लॅबचा रिपोर्ट आला. ड जीवनसत्त्व ११. तीसच्या पुढं पाहिजे म्हणे. एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर चप्पल डांबराला चिकटते, त्या गावात राहून माझ्या अंगात ऊन नाही! डॉक्टरांनी विचारलं, "ऊन घेता का?" म्हटलं, घेते की, गॅलरीत कपडे वाळत घालताना. ते हसले आणि ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली. आठवड्याला एक, दुधातून, आठ आठवडे.

दूध तापवून कपात ओतलं, पुडी फाडायला घेतली आणि एकदम ती पिवळी गोळी आठवली. पारदर्शक, लांबट, उजेडात धरली की आतलं तेल हलताना दिसायचं ती. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी ती गिळली असेल, उरलेल्यांनी खिडकीतून टाकली असेल.

आमच्या घरात खुराक होता, पण तो दादासाठी. दादा तालमीत जायचा. त्याला बदामाची थंडाई, तूप, रोज संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलं म्हशीचं दूध. रविवारच्या मटणातली नळीही त्याच्याच ताटात. माझे हातपाय काडेपेटीतल्या काड्यांसारखे. शेजारच्या काकू एकदा बोलून गेल्या, "पोरगी मुडदूस झाल्यागत दिसतीया." मुडदूस म्हणजे पोरांची हाडं मऊ पडून वाकतात तो आजार. तो शब्द आजीच्या काळजाला लागला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, आणि डॉक्टरांकडून ती बाटली. कॉड नावाच्या माशाच्या यकृताचं तेल.

आता गंमत अशी, की आजी माळकरी. घरात मटण शिजलं की तिची भांडी वेगळी, स्टोव्ह वेगळा आणि ती परसात पाठ करून बसलेली. आप्पांनी कधी गगनबावड्याच्या घाटातून आलेले बांगडे आणले, तर पिशवी दारातच खोलायची. आणि हीच आजी रोज सकाळी माझ्या तळहातावर माशाचं तेल ठेवणार! मी एकदा म्हटलं, "आजी, हा मासा हाय." ती म्हणाली, "औषधाला कसला आलाय इटाळ? गिळ गप." वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे हाडाकातड्याचं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नाहीतर तेही सांगितलं असतं.

कॉड कोल्हापुरात कुणी पाहिला नव्हता. मीही नाही, अजूनही. पण या मासळीबद्दल मागाहून बरंच वाचलं. अंगानं तो अगदी तालमीतला गडी. शंभर ग्रॅम मांसात अठराएक ग्रॅम प्रथिनं आणि चरबी एक ग्रॅमसुद्धा नाही. सगळी चरबी नेऊन यकृतात साठवतो. बांगडा किंवा सॅमन तेल अंगभर मुरवतो, म्हणून त्यांचं मांसच ओशट लागतं आणि ओमेगा-३ नावाची चरबी थेट मांसातूनच मिळते. (हॉटेलच्या कार्डावर 'इंडियन सॅमन' लिहिलेलं असतं तो आपला रावस. खऱ्या सॅमनशी त्याचं दूरचंही नातं नाही, पण ऐकायला बरं वाटतं.)

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर हिवाळ्यात काही आठवडे सूर्यच उगवत नाही. त्याच हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉडच्या झुंडी अंडी घालायला तिथं येतात. ऊन नाही तर नाही, चमचाभर तेल प्या. एका चमच्यात ड जीवनसत्त्वाची साडेचारशेएक युनिटं असतात. माझी एक पुडी बसवायची तर सव्वाशेवर चमचे प्यावे लागतील. हिशेब करतानाच मला ढेकर आला.

मुडदूस आणि ड जीवनसत्त्व यांची गाठही या तेलातच पडली. १९२२ साली मॅकॉलम नावाच्या शास्त्रज्ञानं तेल तापवून त्यात हवा सोडली. तेलातलं अ जीवनसत्त्व त्यानं मरतं. तरी ते तेल मुडदूस बरा करतच राहिलं. म्हणजे आत आणखी कुणीतरी होतं. अ, ब, क झालेलेच होते, याला ड म्हटलं. इतकं साधं.

मी मात्र ती गोळी गिळत नव्हते. पहिल्या दिवशी चावून बघितली होती. दिवसभर वर्गात माशाचे ढेकर आले आणि बाकावरची मैत्रीण दुपारपर्यंत दुसऱ्या बाकावर गेली. तेव्हापासून गोळी जिभेखाली धरायची, पाण्याचा घोट घ्यायचा, आ करून दाखवायचा, आणि देवाला नमस्कार करायच्या निमित्तानं देवघरात जाऊन देव्हाऱ्याखालच्या खणात टाकायची. त्या खणात आजीच्या वाती असत. तिथं कोण बघतंय.

मांजरानं बघितलं. आमची करड्या रंगाची मनी पहाटे देव्हाऱ्यासमोर येऊन बसायला लागली. शेपूट पायाभोवती गुंडाळून, नजर स्थिर. आजी हरखली. येईल त्या बाईला सांगायची, "मुकं जनावर, पर काकडआरती चुकवत न्हाई." एका शेजारणीनं मनीच्या कपाळाला बुक्का लावला.

मग मे महिना आला. उकाड्यानं गोळ्या मऊ झाल्या, एकमेकींना चिकटून त्यांचा लाडू झाला, आणि त्यातल्या एकदोन फुटल्या. एकादशीच्या सकाळी आजीनं खणातून वात घेतली, तुपात भिजवली, निरांजन लावलं. आधी काहीच नाही. मग वास. तळणीचा नव्हे, बंदरावरचा. पांडुरंगाच्या अंगावरून फिरून तो सोप्यात आला, तिथून परसात. मनी वेडी झाल्यासारखी निरांजनाभोवती घिरट्या घालायला लागली. (उत्तर युरोपात एकेकाळी माशाच्या तेलाचेच दिवे जळायचे, तेव्हा तसं अगदीच नवल नव्हतं. पण हे एकादशीला आजीला कोण सांगणार?)

आजीनं फुंकर घालून निरांजन विझवलं, खण ओढला, बोटानं तो लाडू चाचपला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता पाठीत रट्टा. ती एवढंच म्हणाली, "देवाला बी घातलंस व्हय गं तेल?" मग पुन्हा आंघोळ केली, चिंचेनं सगळे देव घासले, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी गिळेपर्यंत माझं नाक दाबून धरायला लागली. मनीची भक्ती त्याच आठवड्यात संपली.

मी धडधाकट झाले. गोळीनं की वयानं, कोण जाणे.

आजी मात्र वाकत गेली. शेवटी शेवटी तर तुळशीचं पान खुडायला तिला वाकावं लागत नसे, इतकी. हाडं ठिसूळ झालीत म्हणून सांगितलं होतं. एका श्रावणात न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि चार महिने अंथरुणाला खिळून ती गेली. ती बाटली वर्षानुवर्षं तिच्याच ट्रंकेत असायची. औषधाला विटाळ नाही असं मला सांगणाऱ्या बाईनं स्वतः कधी एक गोळी तोंडात टाकली नाही. घेतली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी डॉक्टरांना कधी विचारला नाही.

पुडी हातात घेऊन फोनवर बघितलं, हे ड येतं तरी कुठून. बहुतेक मेंढीच्या लोकरीतून. लोकरीला मेणचट ओशटपणा असतो ना, त्यातल्या द्रव्यावर अतिनील किरण सोडतात. त्याला ना मासा लागतो, ना मेंढी मारावी लागते.

आजी जन्मभर घोंगडीवर झोपली. पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेली काळी, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली, पावसाळ्यात ओल्या मेंढीसारखा वास येणारी. ती आता माझ्या कपाटात आहे. काढली, गॅलरीत उन्हात टाकली, आणि काही काम नव्हतं म्हणून शेजारी बसले. पाठ चांगली भाजायला लागली तशी उठून आत आले. दुधावर साय धरली होती. पुडी ओट्यावर तशीच.