'क्वॉफ': कोशातल्या एका नोंदीविषयी

आपल्या शाळेत इंग्रजीच्या तासाला एक शिस्त होती: अर्थ सापडला म्हणून कोश मिटायचा नाही, नोंद शेवटपर्यंत वाचायची. त्या शिस्तीचा उपयोग आताच्या विद्यार्थ्यांनाही व्हावा म्हणून या स्मरणिकेत एकच इंग्रजी शब्द घेतो: 'क्वॉफ' (quaff).

अर्थ साधा आहे. मोठमोठे घोट घेत, मनापासून आणि भरपूर पिणे. 'सिप' म्हणजे चुटूकचुटूक, 'गल्प' म्हणजे घाईने गिळणे, 'स्विग' म्हटले की बहुधा बाटलीच तोंडाला लागते. क्वॉफमध्ये घोट मोठा असतो, पण चवही घेतलेली असते. म्हणून भाषांतरात 'ढोसणे' घातले की वाक्य बिघडते, कारण ढोसण्यात हिणवण्याचा सूर आहे. 'पेले रिचवणे' बरेच जवळ जाते.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. हा शब्द सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी लिखाणात दिसू लागतो आणि त्याचे मूळ कोशकार अनिश्चित मानतात. काहींच्या मते तो पिण्याच्या आवाजावरून आला. दुसरा तर्क लो जर्मनमधल्या, म्हणजे उत्तर जर्मनीकडच्या बोलीतल्या, 'क्वासेन' (quassen) या क्रियापदाचा आहे. अर्थ, खाण्यापिण्यात अतिरेक करणे. मग 'स'चा 'फ' कसा झाला? त्या काळी शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये उभा, लांब 'एस' लिहीत. तो हुबेहूब 'एफ'सारखा दिसे. फरक एवढाच की 'एफ'ची आडवी रेघ दांडा ओलांडून उजवीकडे जाते; लांब 'एस'ला छपाईत डावीकडे बारीकसे टोक असे, किंवा तेही नसे. असे दोन 'एस' जोडून आले की 'डबल एफ' वाचला जाणे अगदी शक्य. इंग्रजी छपाईतून हे अक्षर 1800 च्या आसपास हद्दपार झाले. मला हा तर्क आवडतो, पण त्याची अट विसरू नये: शब्द कानावाटे नव्हे, कागदावाटे आलेला असायला हवा. ऐकून घेतला असता तर 'स' टिकला असता.

शब्द वापरात पाहायचा तर शेक्सपिअरचे 'द टेमिंग ऑफ द श्रू' उघडावे. तिसऱ्या अंकात नायक पेट्रुकिओच्या लग्नाचे वर्णन येते. विधी होताच तो चर्चमध्येच गोड मस्कडेल वाइन रिचवतो आणि पेल्यातले भिजलेले पावाचे तुकडे तिथल्या सेवकाच्या तोंडावर फेकतो. तिथे 'सिप' चाललेच नसते.

पहिल्या अंकात मात्र जपून वाचा. तिथे 'क्वॉफ'ला लागूनच 'कराउज' येतो. त्याचे मूळ पक्के आहे: जर्मन 'गार आउस', म्हणजे पेला तळापर्यंत रिकामा. त्या ओळीत तो नाम आहे, कुणाच्या तरी नावाने एका दमात संपवलेला पेला. आजच्या सवयीने त्याला क्रियापद धरले, तर ओळीचा अर्थ लागत नाही.