मुरुड ते हर्णे दोरी आतच ठेवा: शिडाच्या बोटीमागे सुरमई

‘नांगर उचलला की मागे गळाची दोरी सोडा, मालवणपर्यंत रोज सुरमईचं कालवण.’ हे सांगणाऱ्याने मुंबई ते मालवण शिडाच्या बोटीने केलेलं नसतं, किंवा केलं असेल तर झोपून. जयगडच्या उत्तरेला या दोरीने मासा कमी आणि डोकेदुखी जास्त मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेकडे निघालेल्यांसाठी हे लिहिलं आहे. बोट चालवता येते आणि सामान बोटीवर आहे, हे गृहीत धरलंय.

आधी वाईट टप्पा. मुरुड (जंजिऱ्याचं) ते हर्णे सरळ रेषेत जेमतेम ३० सागरी मैल, पण शिडावर अख्खा दिवस खातो, कारण जाळी. रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळी एका जागी रोवलेली असतात. भरती-ओहोटीच्या ओढीत त्यांची पिंपं कधी पाण्यावर, कधी अर्धी बुडालेली. उधाणाच्या दिवसांत ओढ जोरात असली की पिंप पूर्ण खाली जातं आणि तिथे काही आहे हे कळतच नाही. त्याच्या बाहेर वाहती जाळी: बांबूवर फडकं, मग तरंगांची लांब ओळ, आणि दुसरं फडकं इतकं लांब की दुर्बिणीशिवाय दिसत नाही. एक फडकं दिसलं की लगेच वळू नका. आधी दुसरं शोधा. बहुतेक वेळा एका टोकाला होडी बांधलेली असते. तिच्या जवळून, जाळ्याच्या उलट बाजूने जा आणि ‘जाळी कुठवर?’ म्हणून ओरडून विचारा. हाताने दिशा दाखवतात, आणि ती बरोबर असते.

यात मागे ३० मीटर दोरी असेल, तर बोट सुटते आणि गळ अडकतो. तेव्हा ओढाओढ करू नका. शीड सैल सोडा, इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवा, दोरी हाताने आत घेत गळापर्यंत जा. निघत नसेल तर स्वतःचा तंगूस (गळाकडचा नायलॉनचा पारदर्शक धागा) कापा, जाळं कापायचं नाही. दहा रुपयांच्या तंगुसासाठी कुणाचं जाळं फाडलंत, तर पुढच्या बंदरात शिव्या खाव्या लागतील आणि त्या रास्तच असतील. घाबरून इंजिन मागे टाकलं की दोरी पंख्यात गुंडाळली जाते, मग सुरी घेऊन पाण्यात उतरा. आमचा निकाल सरळ आहे: या टप्प्यात, आणि सगळीकडे अंधार पडल्यावर, दोरी आत.

तसंही उत्तरेचं पाणी गढूळ. सुरमई नजरेने शिकार करते. तिला आमिष दिसलंच नाही तर ती येणार कशाला? जयगडच्या खाली, साधारण १५ ते २० वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोल पाण्यात, मातकट पाणी संपून हिरवं सुरू होतं ती रेघ पकडा आणि तिला धरूनच चला. सुरय पक्षी एका जागी बुड्या मारत असतील तर थव्याच्या कडेने जा; मधून गेलात की बांगडा खाली जातो आणि सुरमईही त्याच्यामागे.

महागडी रॉड-रीळ विसरा. कललेल्या बोटीवर ती एकट्याने सांभाळणं म्हणजे सर्कस. ४ मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी २५ मीटर, बेअरिंगचं स्विव्हल (पीळ बसू न देणारी फिरती कडी), १ मिलिमीटरचा तंगूस ६ मीटर, पुन्हा स्विव्हल, मग ४० सेंटिमीटर एकसंध पोलादी तार आणि गळ. तार हवीच, सुरमईचे दात तंगूस सहज कापतात. तारेला गाठ मारायची नाही: दोन्ही पदर एकमेकांभोवती सहा-सात पीळ, मग टोकाचे चार घट्ट वेढे. एकाच पदराभोवती दुसरा गुंडाळलात तर ताण आल्यावर सरकतो आणि मासा आमिष घेऊन जातो.

बोटीकडच्या टोकाला मोटरसायकलच्या ट्यूबचा मीटरभर पट्टा, आणि त्याच्या बाजूने अडीच मीटरची सैल दोरी. झटका ट्यूब घेते, शेवटचा भार दोरी. ट्यूब सतत अर्धवट ताणलेली दिसली तर मासा नाही, प्लास्टिकची पिशवी आहे. दर अर्ध्या तासाने बघाच.

सकाळी मतलई वाऱ्यावर बोट तीन-चार नॉटच चालते. तेव्हा ओठ असलेला, बुडी मारणारा प्लास्टिकचा मासा लावा. दुपारी वायव्येचा खारा वारा भरला आणि वेग साडेपाच-सहावर गेला की तो उलटापालटा होऊन पाण्याबाहेर उड्या मारतो. मग झालरीचं आमिष. तेही उडत असेल तर तंगुसाच्या आधी १०० ग्रॅम शिसं.

सुरमई लागली की पुढचं शीड अर्धं गुंडाळा, पण बोट थांबवू नका. दोनेक नॉट वेग राहू द्या. थांबली की मासा सुकाणूखाली घुसतो. हातमोजे घाला, दोरी हाताला गुंडाळायची नाही, आत आलेली बादलीत सोडा. मासा ओढायचा लोखंडी आकडा डोक्यात रुतवा. मग डोळ्यांवर ओलं फडकं, कल्ल्याखाली काप, शेपूट वर करून दहा मिनिटं रक्त जाऊ द्या.

लगेच बर्फात. सुरमई, कुपा, बांगडा उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. चेहरा लाल, डोकं ठणकणं, उलट्या. समुद्रात हे नको. बर्फाबद्दल एवढंच: पांढरी यॉट दिसली की लादीचा भाव बदलतो आणि लादी लहान होते. वजन विचारून घ्या, किंवा लिलावाच्या वेळी होडीवाल्यांच्या रांगेत उभं राहून फोडलेला बर्फ घ्या.

रत्नागिरी, विजयदुर्गला शिरणं सरळ. वाघोटण खाडीत छान झोप लागते.

मालवणला शिरण्याच्या दोन मैल आधी दोरी आत घ्या. सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक, काही पाण्याच्या पातळीलाच. उजेड असतानाच शिरा. उशीर झाला तर बाहेर रात्र काढा, सुरमई शिजवा.