आधी पापणी उचला

पापणी पडलेला रुग्ण समोर आला की मी आधी ती पापणी बोटाने उचलतो आणि बाहुली बघतो. शुगर, बीपी सगळं नंतर. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनाही हे मी आग्रहाने सांगतो, आणि सांगताना मला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या दवाखान्यात आलेल्या एक काकू आठवतात.

साठी ओलांडलेल्या, मधुमेह जुना, सोबत सून. दोन दिवस डाव्या भुवईवर ठणका होता आणि त्या सकाळी डावा डोळा उघडेचना. शेजाऱ्यांनी ‘लकवा’ ठरवून टाकला होता. सून म्हणाली, “डॉक्टर, शुगर वाढल्यामुळेच ना? गोळ्या बदलून देता का?”

“काकू, दात दाखवा बरं. आता कपाळाला आठ्या घाला.” दोन्ही व्यवस्थित. म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या नसांपैकी चेहऱ्याची सातवी नस शाबूत. तशीही ती डोळा मिटणारी. ती गेली तर डोळा उघडा राहतो. इथे उलट होतं. पापणी वर धरते ती तिसरी.

पापणी उचलली. बुबुळ कानाकडे आणि जरा खाली वळलेलं. डोळा हलवणाऱ्या सहा स्नायूंपैकी चार तिसरीच्या ताब्यात. ते ढिले पडले की सहावीचा आणि चौथीचा असे उरलेले दोन डोळ्याला आपल्याकडे ओढतात. चौथी चालू आहे का, हे बघायची एक युक्ती मला फार आवडते. काकूंना खाली बघायला सांगितलं आणि बुबुळाच्या वरच्या कडेजवळच्या एका बारीक लाल शिरेवर नजर ठेवली. डोळा फारसा खाली गेला नाही, पण ती शीर नाकाच्या दिशेने किंचित फिरली. चौथी काम करत होती.

मग टॉर्च. डाव्या डोळ्यात प्रकाश टाकला. डावी बाहुली मोठीच्या मोठी, ढिम्म. उजवी मात्र तत्काळ बारीक झाली. म्हणजे डाव्या डोळ्यातून प्रकाशाची वर्दी मेंदूपर्यंत पोचत होती, दृष्टीची दुसरी नस ठीक होती. अडला होता तो परतीचा हुकूम, आणि तो तिसरीतूनच येतो.

माझ्या पोटात गोळा आला. बाहुली लहान करणारे तंतू तिसरीच्या पृष्ठभागालगत असतात. मधुमेहात नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि उपासमार होते ती गाभ्याची. पापणी पडते, डोळा वळतो, पण बाहुली बहुधा वाचते. बाहेरून दाब आला तर आधी पृष्ठभाग चेपतो. मध्यमेंदूतून निघालेली ही नस मेंदूच्या तळाशी असलेल्या पोस्टिरियर कम्युनिकेटिंग धमनीला समांतर पुढे जाते. ती धमनी कॅरॉटिडला, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला, जिथे मिळते, तिथे भिंत कमकुवत होऊन फुगा धरणं ही नेहमीची गोष्ट. ठणका दोन्ही आजारांत असू शकतो, त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

सुनेला बाजूला घेतलं. “शुगर आहेच, पण हे शुगरचं वाटत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला असावा. तो फुटायच्या आत पोचायला हवं.”

“आईंना दोन घास भरवून नेऊ?”

“नको. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. इथूनच अँब्युलन्स बोलावतो.”

न्यूरोसर्जनला फोनवर एवढंच म्हणालो, “डावी तिसरी, बाहुलीसकट.” त्यांनी वयसुद्धा विचारलं नाही. “लगेच पाठवा.”

सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, फुगा तिथेच सापडला, न फुटलेला. दुसऱ्या दिवशी मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन तो प्लॅटिनमच्या तारेने आतून भरला.

पापणी हळूहळू वर आली आणि काकूंना एकाचे दोन दिसू लागले. झाकलेला डोळा उघडल्यावर असं होणार, हे सांगून ठेवलं होतं, तरी त्या घाबरल्या. पुढे तेही बरंच ओसरलं. बाहुली मात्र अजून उजवीपेक्षा मोठी आहे. आणखी एक गंमत राहिली आहे: नाकाकडे बघितलं की डावी पापणी आपोआप वर चढते. पुन्हा वाढताना काही तंतू भलत्याच स्नायूला जाऊन मिळाले. दाबाने दुखावलेल्या तिसरीत हे दिसतं, मधुमेहामुळे गेलेल्या तिसरीत सहसा नाही. काकूंना त्याचा काही त्रास नाही. नातू मात्र “आजी, परत करून दाखव” म्हणत मागे लागतो.