वाकामात्सुचा बंधारा आणि सुझुत्सुकी

क्यूशूला जाणारे बहुतेक जण नागासाकी, फुकुओका करून परततात. युद्धनौकांचा नाद असेल तर किताक्यूशूच्या वाकामात्सुसाठी अर्धा दिवस काढा. शिनकानसेनने कोकुरा, तिथून लोकलने तोबाता, मग चालत फेरीचा धक्का. लाल वाकातो पुलाच्या सावलीतून फेरी तीनेक मिनिटांत पलीकडे सोडते. पुढे टॅक्सीच बरी. ‘गुन्कान बोहातेई’ (युद्धनौकांचा, लाटा अडवणारा बंधारा) हे नाव जपानी लिपीत फोनवर तयार ठेवा आणि टॅक्सी थांबवूनच ठेवा. हा सगळा कारखान्यांचा भाग आहे, परतीची गाडी सहज मिळेल या भरवशावर राहू नका.

मी गेलो सुझुत्सुकीसाठी. नागासाकीच्या मित्सुबिशी गोदीत बांधलेली ही विनाशिका डिसेंबर १९४२ मध्ये नौदलात आली. जानेवारी १९४४ मध्ये ‘स्टर्जन’ या अमेरिकी पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी तिचा पुढचा आणि मागचा भाग उडवला, कप्तानही गेला. दुरुस्त होऊन ती निघाली, तर ऑक्टोबरात ‘बेसुगो’ या दुसऱ्या अमेरिकी पाणबुडीने पुन्हा पुढचा भाग तोडला. तिसरा घाव ७ एप्रिल १९४५ चा. यामातो या महाकाय जपानी युद्धनौकेसोबत ओकिनावाकडे जाताना बाँब पुढच्याच भागावर पडला. सरळ गेलं तर पाण्याच्या दाबाने आतल्या भिंती फुटल्या असत्या, म्हणून ती उलटी, मागे मागे जात दुसऱ्या दिवशी सासेबोच्या नौदल बंदरात पोचली. गोदीत घेतल्यावर पुढच्या एका कप्प्यात तीन खलाशांचे मृतदेह सापडले. पाणी पुढे घुसू नये म्हणून त्यांनी दार आतून बंद केलं होतं.

युद्धानंतर बांधकामाला सामान नव्हतं आणि कोळशाच्या या बंदरावर लाटा तर आदळतच होत्या. म्हणून १९४८ मध्ये सुझुत्सुकी, फुयुत्सुकी आणि यानागी या तीन युद्धनौकांचे सांगाडे इथे बुडवून बंधारा केला.

आधीच सांगतो, सुझुत्सुकी दिसत नाही. ती आणि फुयुत्सुकी पूर्ण काँक्रीटखाली आहेत. काँक्रीटमधून जहाजाचा आकार वर आलेला दिसतो तो यानागीचा, आणि तीही काही साधीसुधी नव्हे: १९१७ ची बांधणी, पहिल्या महायुद्धात थेट भूमध्य समुद्रात गेलेली. माझा निम्मा वेळ तिच्यापाशीच गेला. गंजक्या लोखंडावर चढू नका, ओल्या काँक्रीटवर बूट घसरतात. हिवाळ्यात वायव्येचा वारा उभं राहू देत नाही. टोपी खिशात ठेवा. पाणी-खाणं वाकामात्सुतूनच घ्या.

परतताना ताकातोयामा टेकडीवर जा, तिथे या जहाजांचं स्मारक आहे. वरून पूल आणि दोकाई खाडीही छान दिसते.

सासेबोही करणार असाल तर बंदरात ११७ क्रमांकाची बोट शोधा. २०१४ ची नवी सुझुत्सुकी, तीही नागासाकीचीच. अर्थात ती समुद्रावर गेलेली नसेल तर.