घटांगची आजी

"आई, गाडी थांबव ना," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायला वेळच मिळाला नाही तिला.

चिखलदऱ्याला निघालो होतो. श्रावणातला शनिवार, सासरचे आम्ही नऊ जण आणि भाड्याची एकच जीप. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट, परतवाडा. आमच्याकडचा रस्ता म्हणजे काळ्या जमिनीवर ओढलेली सरळ रेघ. दोन्ही बाजूंनी कपाशी, तूर, पुन्हा कपाशी. तिथवर माझी नऊ वर्षांची लेक मागच्या आडव्या सीटवर बसून गाणी म्हणत होती. त्या सीटवर तिला मीच बसवलं होतं. मोठ्यांचे गुडघे दुखतात, लेकरं काय, कुठंही मावतात, हा आपल्या सगळ्यांच्या घरचा हिशेब. घाट लागल्यावर ती कुरकुर करायला लागली, तशी मी तिच्या हातात मोबाईल दिला. म्हटलं, मन रमेल.

घटांगच्या अलीकडे सगळं बाहेर आलं. फ्रॉकवर, माझ्या ओढणीवर, थोडं सीटवर. ड्रायव्हर म्हणाला, "धुवायचे पैसे वेगळे लागतील, आधीच सांगतो." मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "मोबाईल पाहताना तर चांगली होती, नाटकं आहेत नुसती." आणि मी, सगळ्यांसमोर ओशाळून, पोरीवरच ओरडले, "आधी सांगता येत नाही का?" तिनं सांगितलं होतं. मीच ऐकलं नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही, ओठ पुसत नुसती माझ्याकडे बघत राहिली. आज हे लिहिताना तेच डोळ्यांसमोर आहे.

घटांगला रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली एक आजी भुट्टे भाजत बसल्या होत्या. पाऊस बारीक, धुकं इतकं की समोरचं झाड दिसेना. आम्ही उतरलो तसं त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

"पोरीले गाडी लागली काय वं? आण इकडं."

रिकाम्या पोत्यावर तिला बसवलं. चपला काढायला लावल्या. "पाय टेकव जमिनीले. हालते काय जमीन? नाही ना? मंग झालं." जर्मनच्या गंजातलं पाणी ओंजळीत घेऊन तिचं तोंड धुतलं, मानेवर हात ओला करून ठेवला. मी बाटली पुढे केली तर मला थांबवलं. "लगेच ढसाढसा पाजू नको. चूळ भरू दे. मंग घोट घोट." त्यांच्या बोटांना भुट्ट्याची काजळी होती, ती लेकीच्या गालावर उमटली. पदराच्या कोऱ्या टोकानं त्यांनीच ती पुसली. त्या दहा मिनिटांत दोन गाड्या भुट्ट्यासाठी थांबल्या, कोणी येत नाही बघून निघूनही गेल्या. आजींनी तिकडं पाहिलं नाही.

मग स्वतःचं सांगितलं, अगदी सहज, निखारे सारखे करत. "मले बी लागते. लहानपणापासून. पोरगी वर्ध्याले देल्ली, बारा वर्स झाले. तिचं घर नाही पाहिलं म्या. मागच्या साली तिनं घर बांधलं, तं मोबाईलात दाखवलं. गाडीत बसली का जीव जाते वं. एकडाव अमरावतीले दवाखान्यात नेलं होतं, पदरात ओकत गेली. लोकं म्हणते, बुढी सोंग करते."

मला काही बोलताच येईना. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. दोन भुट्टे घेतले, त्याचे तेवढे घेतले.

चिखलदऱ्याचे दोन दिवस धुक्यात गेले. भीमकुंड दिसलंच नाही, नुसता पाण्याचा आवाज ऐकला. गर्दी इतकी की गाडी लावायला जागा मिळेना. त्यावर लिहावंसं काही नाही.

पहिल्याच रात्री मी आमच्या दर्यापूरच्या डॉक्टरांना फोन केला होता, आणि ते जे बोलले ते मला लेक दोन वर्षांची असतानाच कळायला हवं होतं. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात द्रव असतो. गाडी वळली की तो हलतो आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. डोळे मात्र मोबाईलच्या पडद्यावर, म्हणजे ते सांगतात की आपण स्थिर आहोत. या दोन खबरा जुळत नाहीत, त्यातून मळमळ, घाम, उलटी. म्हणजे मन रमावं म्हणून मी दिलेल्या मोबाईलनंच तिचं जास्त बिघडवलं. त्यात आडवी सीट आणि बाहेर धुकं. लांबवर नजर लाव म्हटलं असतं तरी लावायला काही दिसतच नव्हतं. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. त्यानंतर साधारण बारा वर्षांपर्यंत सगळ्यात जास्त. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. आणि गाडी चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, कारण वळण येण्याआधीच त्याला ते ठाऊक असतं. यात सोंग कुठं आलं?

लेकीला मी चार्ल्स डार्विनचं सांगितलं. १८३१ ते १८३६ 'बीगल' जहाजावरून जगभर फिरला आणि शेवटपर्यंत त्याला बोट लागायची. तिनं विचारलं, "त्याला पण सगळे रागवायचे का?"

परतताना मी पुढची सीट मागितली. जाऊबाईंना आवडलं नाही. पहिल्यांदाच मी त्यांच्यासमोर मागे हटले नाही. डॉक्टरांनी फोनवर लेकीच्या वजनाप्रमाणे प्रोमेथाझिन सांगितलं होतं. निघायच्या तासभर आधी दिलं. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही, म्हणून आधीच. पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको, म्हणून थोडेसे पोहे. मोबाईल माझ्या पर्समध्ये. आभाळ उघडलं होतं. एका वळणावर खाली अख्खं वऱ्हाड पसरलेलं दिसलं, सपाट, हिरवं, आभाळाला टेकलेलं. ती त्याच रेघेकडे बघत बसली, वळणं येत गेली तरी. गोळीनं पेंगत होती, पण चेहऱ्यावर रंग होता.

घटांगला मी गाडी थांबवायला लावली. आजी होत्या. लेक पळतच गेली आणि तिनंच सगळं सांगितलं. पुढं बसायचं, लांब बघायचं, गोळी आधी घ्यायची. मी म्हटलं, आजी, तुमच्या वयाला गोळीनं झोप आणि चक्कर जास्त येते, आधी डॉक्टरांना विचारा, आणि बीपीची वगैरे गोळी चालू असेल तर तीही दाखवा. वहीच्या पानावर नाव लिहून दिलं. त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"वर्ध्यालोक पुरते काय थे एक गोळी?"

पुरेल, मी म्हटलं. चार-पाच तासांचा तर रस्ता.

त्या काही वेळ निखाऱ्यांकडे बघत राहिल्या. मग लेकीला जवळ घेऊन विचारलं, "अन् येतानी? येतानी दुसरी घ्या लागते काय?"